सुई कोणाची

सुई मावशींच्या अंगठ्यात घुसली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि फौजदारीण बेकरीवाल्याशी भांडत होती. भांडण नेहमीचंच. अंड्यांची टरफलं त्यानं पुन्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून पाठवली होती, सगळा पुठ्ठा चिकट झाला होता, आणि त्याचं म्हणणं असं की टरफल हाताला कोरडं लागतं, म्हणजे ते सुक्या कचऱ्यातच.

"उद्या म्हणाल, वाळत घातलं की दूधही सुकंच," ती म्हणाली.

"अहो बाई, मी पाव विकतो. कचऱ्याची परीक्षा द्यायला बसलेलो नाही."

तेवढ्यात शेडमधून मावशींचा आवाज आला. किंकाळी नव्हे, नुसतं "आई गं!" पण मावशींच्या तोंडून तेवढंही सहसा निघत नसे. फौजदारीण धावली. मावशी उजवा हातमोजा काढून अंगठ्याकडे बघत उभ्या होत्या. रबरात टाचणीएवढं भोक, कातडीवर रक्ताचा एक ठिपका. निवडायच्या फळीवर कागदी कप, टिश्यूची खोकी, आणि त्यांच्यामधे ती: करंगळीच्या नखाएवढी, निळ्या बुडाची.

"कशाची आहे गं?" मावशींनी विचारलं.

"बोलू नका. नळाखाली हात धरा आधी."

फौजदारीण हे काही तिचं नाव नव्हे. पण बाजारात तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कोणी ओळखतही नव्हतं. तिचा नवरा घड्याळजी, बाजारातल्या सगळ्यात अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारा, मुंगी चावली तर मुंगीचीच माफी मागेल असा माणूस. त्यामुळे त्या घरातला खाकी गणवेश बायकोच्याच पेटीत असणार, असं कोणीतरी एकदा म्हणालं आणि नाव चिकटलं. तिनंही ते कधी झटकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं बाजाराला बजावलं होतं की दुकानांचा एकत्र कालवलेला कचरा यापुढे उचलणार नाही. वेगळा करा, नाहीतर दुकानाला टाळं. सव्वीस दुकानदार एकमेकांची तोंडं बघत बसले. तेव्हा हात वर केला हिनं. लग्नाआधी आणि नंतरही मिळून अकरा वर्षं ती पुठ्ठ्याच्या कारखान्यात रद्दी निवडायला होती. कुठला कागद लगद्यात विरघळतो आणि कुठला नुसता फुगून बसतो, हे तिला बोटाच्या स्पर्शानं कळायचं. मागच्या बोळात पत्र्याची शेड उभी राहिली. ओलं रोपवाटिकेच्या खड्ड्यात जायचं, पुठ्ठा दाबून कागदाच्या गिरणीला, काच-पत्रा भंगारवाल्याला. आणि बॅटऱ्या, ट्यूबा, रंगाचे डबे असलं घातक ते कुलपाच्या पिंपात. निवडायला मावशी. मावशी तिच्या नात्यातल्या नव्हत्या; कारखान्यात तिच्या शेजारच्या पाटावर बसायच्या, कारखाना बंद पडल्यावर हिनंच त्यांना बोलावून आणलं होतं. "या, सावलीतलं काम आहे," असं सांगून.

म्हणूनच सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसताना तिला मावशींच्या तोंडाकडे बघवेना.

डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती, पण तिनं नीट समजावलं. सुई कोणाच्या अंगात जाऊन आलीय ते माहीत नाही. एचआयव्हीचा, काविळीचा धोका फार नाही, पण नाहीच असंही नाही. म्हणून आजपासून अठ्ठावीस दिवस गोळ्या, एक इंजेक्शन, मग दीड महिन्यानं रक्त, तीन महिन्यांनी पुन्हा.

"गोळ्यांनी मळमळेल. काहींना फार त्रास होतो," ती म्हणाली. "सुईचा माणूस सापडला आणि त्याचं रक्त स्वच्छ निघालं, तर गोळ्या बंद करता येतील. सापडेल का?"

"सापडेल," फौजदारीण म्हणाली. "सापडेल नाही तर काय!"

कारण पिशवी कोणाची ते तिला ठाऊक होतं. पिशवीवर दुकानाचा नंबर लिहा, हे ती दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होती आणि पंचवीस दुकानं ते कानाआड करत होती. नंबर लिहीत होता एकच जण. नंबर काय, छापील चिठ्ठीच चिकटवायचा: दातांचे डॉक्टर. आणि सुई ज्या पिशवीतून निघाली तिच्यावर ती चिठ्ठी होती.

या डॉक्टरशी तिचं जुनं वाकडं. शेडचा विषय निघाला त्या सभेत हाच उठून म्हणाला होता की माझ्या दवाखान्याच्या दारावरून कचऱ्याची गाडी जाता कामा नये, पेशंटला किळस येते. "किळस गाडीची, का गाडी ढकलणारीची?" तिनं तिथल्या तिथे विचारलं होतं. त्यानं नुसता चष्मा पुसला होता. तेव्हापासून तिची गाडी सगळ्या बाजाराला वळसा घालून यायची, आणि त्या वळशाचं प्रत्येक पाऊल तिनं मनात जपून ठेवलं होतं.

त्या दुपारी ती वळसा न घालता गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं ती पिशवी उलटी केली. कप घरंगळत गेले. आत बाकावर सहा-सात पेशंट बसलेले, एकाच्या गालात कापूस.

"बाहेर या, डॉक्टर! तुमचं सामान परत आणलंय!"

तो बाहेर आला. पांढरा कोट, हातात हातमोजे, आवाज थंड.

"हा काय तमाशा आहे?"

"तमाशा मी नाही केला. माझ्या मावशीच्या अंगठ्यात तुमची सुई गेलीय. पन्नास माणसांच्या तोंडात खुपसलेली सुई तुम्ही कागदी कपांत टाकता? शिकलात कशाला एवढं?"

"माझ्या सुया पिवळ्या डब्यात जातात. डबा न्यायला वेगळी गाडी येते."

"मग ही काय चालत आली? चिठ्ठी बघा. तुमचीच ना? बाजारात अक्षरओळख असलेले तुम्ही एकटेच!"

तोवर माणसं गोळा झाली होती. बेकरीवाला, चपलांच्या दुकानाचा मालक, म्हणजे बाजाराचे अध्यक्ष, औषधवाला, आणि मागे, भिंग कपाळावर सरकवलेला तिचा नवराही.

"हे सगळं उचला," डॉक्टर म्हणाला. "आणि माझी लेखी माफी मागा. नाहीतर मी तक्रार करीन."

"करा! आणि सगळ्यांनी ऐका. ज्याची सुई आहे तो पुढे येऊन रक्त देईपर्यंत या बाजारातली एकही पिशवी मी उचलणार नाही. बसा आपापल्या घाणीत."

घड्याळजीनं हळूच तिचा दंड धरला. "घरी चल. लोक बघतायत."

"बघू देत," तिनं दंड सोडवला. "तुम्ही दुकानात जा."

तो गेला. त्याच्या चालीकडे तिनं तेव्हा पाहिलं नाही.

पहिला दिवस लोकांनी हसण्यावारी नेला. दुसऱ्या दिवशी खानावळीमागच्या पिशव्यांतून पाणी सुटलं आणि बोळातून उताराला वाहत चपलांच्या दुकानाच्या मागच्या दारापर्यंत गेलं. तिसऱ्या दिवशी माशांचं मोहोळ उठलं. फळवाल्यानं सडका माल सरळ शेडच्या दारात ओतला, आणि विचारल्यावर म्हणाला, "तुमचंच आहे, ठेवा." चौथ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा शेडच्या पत्र्यावर कोळशानं लिहिलेलं होतं: कचऱ्याची राणी, कचऱ्यात जा. अक्षर वळणदार होतं. तिनं ते पुसलं नाही. ज्यानं लिहिलं त्याला येता-जाता वाचू दे, असं म्हणाली.

दुकानदार येऊन भांडून जात. एकेकटे येत तेव्हा विनवत, चौघं मिळून येत तेव्हा धमकावत.

"एका म्हातारीच्या अंगठ्यासाठी सव्वीस दुकानं वेठीला धरलीत," अध्यक्ष म्हणाले.

"तुमचा अंगठा असता तर?"

"माझा अंगठा कचऱ्यात कशाला जाईल?"

"हेच," ती म्हणाली. "हेच ऐकायचं होतं मला तुमच्या तोंडून."

पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात मावशीच होत्या. गोळ्या मावशींना मानवल्या नव्हत्या. खाल्लेलं पोटात टिकत नव्हतं. चौथ्या दिवशी ती भेटायला गेली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, आणि उशाशी बादली. सुनेनं दारातच अडवलं.

"सावलीतलं काम म्हणाला होतात ना? बघा आता सावली."

फौजदारीण दारातूनच परत फिरली.

घरी नवरा गप्प. तो एरवीही गप्पच असायचा, त्यामुळे तिला वेगळं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. सगळा बाजार अंगावर येत असताना निदान घरात एक माणूस तोंड उघडून शहाणपणा शिकवत नाही. तो दोन घास कमी खातोय हे दिसत होतं. आपल्या काळजीनं, असं तिनं ठरवून टाकलं.

पाचव्या दिवशी दुपारी अध्यक्षांनी चपलांच्या दुकानात सगळ्यांना बोलावलं. बसायला बुटांची खोकी. नाकाला रुमाल लावूनच लोक आले. दातांचे डॉक्टर सगळ्यांत शेवटी आले आणि त्यांनी येताना आपला पिवळा डबा आणला.

"ती सुई आहे का तुमच्याकडे?" त्यांनी फौजदारीणबाईंना विचारलं.

सुई तिनं काचेच्या बाटलीत घालून जवळच ठेवली होती. तिनं बाटली पुढे केली. डॉक्टरांनी खिशातून एक नवी, बंद टोपणातली सुई काढली आणि बाटलीशेजारी, लहान मुलाच्या बुटांच्या खोक्यावर ठेवली.

"ही माझी. बघा सगळ्यांनी. बोटाएवढी लांब. हिरडीत जायला लांबच लागते. आणि ही तुमची. तांदळाच्या दाण्याएवढी. ही पोटात किंवा मांडीत टोचायची. इन्सुलिनच्या पेनची सुई आहे ही. साखरेच्या रोग्याची. कुठल्याही दवाखान्यात विचारा, कंपाउंडरसुद्धा सांगेल. तुम्ही पायऱ्यांवर ओरडायच्या आधी विचारलं असतं, तर मीही त्याच दिवशी सांगितलं असतं."

लोक वाकून दोन्ही सुया बघू लागले. माशा तेवढ्या घोंगावत होत्या.

"मग तुमच्या पिशवीत कशी आली?" ती म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"माझी पिशवी संध्याकाळपासून बोळात असते. उघड्यावर. तुमच्याच नियमाप्रमाणे." त्यांनी डबा उचलला. "माझ्या पेशंटांसमोर तुम्ही माझ्या दारात कचरा ओतलात. दोघं उठून गेले, ते परत आले नाहीत. सुई कोणाची ते शोधा, जरूर शोधा. पण यापुढे माझी पिशवी तुमच्या शेडमधे येणार नाही."

डॉक्टर गेले आणि मग बाजार तिच्यावर तुटून पडला. पाच दिवसांची दुर्गंधी प्रत्येकाच्या जिभेवर होती. बेकरीवाला टरफलांपासून सुरू झाला. फळवाल्यानं तिचा आवाज काढून दाखवला, लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, तीन दिवसांत बोळ साफ झाला नाही तर शेडचं कुलूप बदललं जाईल. ती उभी राहून सगळं ऐकत होती. आपण चुकलो, हे वाक्य तिच्या घशापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. सवय नव्हती त्याला बाहेर पडायची.

सभा मोडल्यावर ती सरळ औषधवाल्याकडे गेली.

औषधवाला सरळ माणूस. पाच दिवस त्यानं बाजाराची बाजू घेतली नव्हती की तिची. तिनं बाटली काउंटरवर ठेवली.

"असल्या सुया तुमच्याकडून कोण कोण नेतं?"

"ते मी सांगणार नाही, वहिनी. कोणाचा आजार दुसऱ्याला सांगत नाही मी."

"नावं नकोत. पण त्यांना जाऊन सांगा तरी, की एक बाई विनाकारण गोळ्या गिळून ओकतेय."

"पहिल्याच दिवशी सांगितलंय," तो म्हणाला. काउंटरखालून त्यानं एक जाड प्लॅस्टिकची बरणी काढली, झाकण घट्ट, आत निळ्या बुडांचा खच. "या बाजारात सहा गिऱ्हाइकं आहेत. पाच जण वापरलेल्या सुया मला इथे आणून देतात. बरणी भरली की मी मोठ्या दवाखान्यात पोचवतो. सहावा आणत नाही. मी नीट टाकतो म्हणतो."

"कोण सहावा?"

औषधवाल्यानं बरणी परत खाली ठेवली. बराच वेळ तो खालीच काहीतरी लावत बसला.

"वहिनी, तुम्ही बाजारभर ओरडत फिरताय," तो शेवटी म्हणाला, वर न बघता. "त्यापेक्षा जरा घरच्या माणसाशी बोला."

ती बाहेर आली. घड्याळजीचं दुकान तिथून सातवं. ती सात दुकानं चालून जाताना तिच्या ध्यानात एकेक गोष्ट येत गेली. हल्ली वर्षभर तो दुपारी शटर अर्धं ओढून घेतो. डोळे मिटतो थोडे, असं सांगतो. लग्नाकार्यात गोड ताटात तसंच ठेवतो. दात दुखतो, म्हणतो. आणि त्याच्या दुकानाचं मागचं दार बोळात उघडतं, दवाखान्याच्या मागच्या दाराला लागून.

शटर अर्धंच होतं. ती वाकून आत शिरली आणि ते तिनं खालपर्यंत ओढलं.

दिव्याखाली तो एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. तिच्याकडे एकदा बघून त्यानं चिमटा खाली ठेवला. तिनं विचारायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर उत्तर होतं.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"साखर दीड वर्ष. सुई एक वर्ष."

"ते नाही विचारत मी! मावशींच्या हाताला लागून किती दिवस झाले?"

"पाच."

"पाच दिवस ती बाई आतडी पिळून ओकतेय. पाच दिवस मी जगाशी भांडतेय. त्या डॉक्टरच्या दारात तुमच्यादेखत मी कचरा ओतला, आणि तुम्ही म्हणालात, घरी चल. घरी चल! दुसरं काही नाही सुचलं?"

"रोज सांगणार होतो."

"कोणाला? त्या घड्याळाला?"

"त्याच्या पिशवीत टाकली कारण वाटलं, डॉक्टरच्या पिशवीतून सुई योग्य जागी जाईल," तो म्हणाला. "खरंच वाटलं होतं. आपल्या पिशवीत टाकली असती तर तू निवडताना बघितली असतीस."

"म्हणजे माझ्यापासून लपवायला मावशींचा हात चालला तुम्हाला."

"असं नको बोलू."

"मग कसं बोलू? शिकवा."

तो उठला. त्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की श्वास एकमेकांच्या तोंडावर येई. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"साखरेपायी बाबांचा पाय कापला, त्यानंतर चार वर्षं तू त्यांचं सगळं केलंस. मलमपट्टी, अंथरूण, सगळं. ते गेल्यावर त्यांची गादी जाळायला काढताना तू काय म्हणालीस ते आठवतं? म्हणालीस, हे एकदा केलं, आता पुन्हा कोणाचं करणार नाही, तुमचं तर नाहीच. मी ऐकलं ते. चार वर्षं तुला झिजताना बघितलं होतं, त्यामुळे मला राग नाही आला. मी ठरवलं, आपलं आपण करायचं."

"दमलेल्या माणसाच्या तोंडचं वाक्य धरून बसलात?"

"तुझं कुठलं वाक्य सोडायचं आणि कुठलं धरायचं, हे मला कधी कळलंय? तू बोलत नाहीस, तू शिक्षा सुनावतेस. बाजार काय उगाच नावं ठेवतो?"

हे मात्र बरोबर लागलं. एक थोबाडीत द्यावी असं तिला इतकं वाटलं की तिनं हात पाठीमागे बांधून घेतले. समोरच्या फळीवर दहाबारा घड्याळं टिकटिकत होती, प्रत्येक वेगळ्या चालीनं.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"रक्त द्यायला."

"आत्ता? हे उघडं पडलंय—"

"ते पडू दे उघडं."

तिनं शटर वर केलं तेव्हा समोर बेकरीवाला उभाच होता. पुढे ती, दोन पावलं मागे तो, असे ते भर दुपारी सगळा बाजार ओलांडून गेले. कोणी काही विचारलं नाही. विचारायची गरजही उरली नव्हती. ते दवाखान्यात पोचण्याआधी बातमी चपलांच्या दुकानात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद मिळाला. साखर भरमसाट, बाकी रक्त स्वच्छ. डॉक्टरिणीनं मावशींच्या गोळ्या बंद केल्या. तो कागद घेऊन फौजदारीण मावशींच्या घरी गेली, सुनेला बाजूला करून आत शिरली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, नवऱ्याच्या बाजूनं एक शब्द घातला नाही.

मावशी उठून बसल्या. सहा दिवसांत गाल आत गेले होते.

"म्हणजे तुझ्या घरातली सुई," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तो माणूस सोमवारी इथे येऊन गेला. दारात उभा राहून विचारत होता, मावशी, बरं आहे का? मी म्हटलं, बरी आहे हो भाऊ. काळजी करू नका, असंही म्हटलं मी त्याला." मावशींचा आवाज चढला. "त्याला मी धीर दिला! मी!"

हे तिला माहीत नव्हतं. ती खालमानेनं उभी राहिली.

"जा आता," मावशी म्हणाल्या. "तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला आज."

तिथून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. बाकावर पेशंट होते. ते असतानाच बोलायचं, असं तिनं वाटेत ठरवलं होतं.

"सुई माझ्या नवऱ्याची होती. मी तुम्हाला सगळ्यांसमोर नको ते बोलले. चुकलं माझं." वाक्य बाहेर पडायला जड गेलं, पण पडलं. तिनं लिहून आणलेला कागदही पुढे केला.

डॉक्टरांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. "ठीक आहे," ते म्हणाले. "माझा निर्णय बदलत नाही. आणि गाडी अजूनही इकडून आणू नका."

तिच्या जिभेवर चार उत्तरं आली. चारही गिळून ती पायऱ्या उतरली.

बोळ तिनं एकटीनं उपसला. दोन दिवस लागले. मदतीला कोणी आलं नाही, आणि तिनं कोणाला बोलावलंही नाही. घड्याळजी पहिल्या सकाळी फावडं घेऊन आला होता, तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर नको आत्ता." घरी ती त्याचं ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची.

सभा पुन्हा भरली. तिची बाजू घ्यायला कोणी उठलं नाही. तिनं फक्त एवढं सांगितलं की ज्या पिशवीवर नंबर नाही ती जागची हलणार नाही, पिशव्या संध्याकाळी नव्हे, सकाळी शेड उघडल्यावरच आणायच्या, आणि सुया औषधवाल्याच्या बरणीतच जातील. "यात माझ्या घराला सूट नाही," ती म्हणाली.

"सूट घेऊन झालीय की," कोणीतरी मागून म्हणालं. ती वळली नाही.

नऊ दुकानं तिला सोडून गेली. त्यांनी नगरपालिकेच्या हातापाया पडून वेगळी गाडी लावून घेतली, जी आठवड्यातून दोनदा यायची आणि कधी यायचीही नाही. सतरा राहिली. प्रेमानं नव्हे, दुसरं कोण एवढं करणार म्हणून. बेकरीवाला राहणाऱ्यांत होता. त्यानं पिशवीवर नंबर इतका मोठा लिहिला की पिशवी दिसेना, आणि म्हणाला, "आता तरी दिसतोय ना, फौजदार?"

तेराव्या दिवशी मावशी शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अजून थकलेल्या, पण पदर खोचलेला.

"घरी बसून सून बोलते ते ऐकण्यापेक्षा हे बरं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या दोन अटी आहेत. लांब चिमटे आणि जाड हातमोजे, आजच. हे रबरी नकोत."

"आणले आहेत. दुसरी?"

"तुझा नवरा महिनाभर रोज सकाळी माझ्यासमोर बसून कचरा निवडेल. दुकान मग उघडायचं. हात घालून बघू दे त्याला, आत काय काय असतं ते."

फौजदारीण आतून चिमटे घेऊन आली. त्या संध्याकाळी नवऱ्याचं ताट वाढून ती पहिल्यांदा त्याच्यासमोर बसली आणि तिनं मावशींची अट जशीच्या तशी सांगितली.

"येईन," तो म्हणाला.

"सगळा बाजार बघेल."

"बघेल."

"आणि सुई दुपारची दुकानात चोरून नाही टोचायची. घरी जेवायच्या आधी, माझ्यासमोर. मी काही मलमपट्टी करणार नाही अजून, पाय शाबूत आहेत तुमचे. पण मला कळलं पाहिजे."

त्यानं मान डोलावली. तिनं त्याच्या ताटातला भात अर्धा काढून आपल्या ताटात घेतला; दवाखान्यात तसं सांगितलं होतं. रागातच घेतला, चार शितं खाली सांडली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता घड्याळजी शेडमधल्या फळीशी पाट घेऊन बसला. समोर मावशी. सुरुवातीला त्यांनी त्याच्याशी एकही शब्द काढला नाही, चिमट्यानंच दाखवत: हे इकडे, ते तिकडे. दारावरून जाणारे थांबत, एकमेकांना कोपर मारत. फळवाल्यानं विचारलं, "काय घड्याळजी, वेळ चांगली चाललीय?" त्याचे कान तापून लाल झाले, पण त्यानं मान वर केली नाही. केसाएवढे स्क्रू उचलायची सवय असलेली बोटं जाड हातमोज्यांत अडखळत होती. त्यानं एक बाटली झाकणासकट काचेच्या ढिगात टाकली.

"झाकण काढायचं," मावशी पहिल्यांदाच बोलल्या. "झाकण पत्र्याचं आहे. दिसत नाही का? डोळ्याला भिंग लावून पोट भरता ना?"

त्यानं बाटली परत उचलली आणि झाकण फिरवायला लागला. ते गंजलेलं होतं, निघेना. फौजदारीण दाराशी पुठ्ठा बांधत होती. ती बघत राहिली, उठली मात्र नाही.